नाक्यावरच्या दोन याद्या

दहिसर चेकनाका ही मुंबईची उत्तरेकडची वेस. पश्चिम द्रुतगती महामार्ग इथे शहराबाहेर पडतो. पुढे मीरा-भाईंदर, आणि खाडी ओलांडली की वसई, नालासोपारा, विरार. २०१७च्या जूनअखेरपर्यंत मुंबईच्या या वेशीवर मालाची जकात भरावी लागे. १ जुलैला वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि जकात संपली. त्यानंतर तीन वर्षे व्हायच्या आत याच वेशीवर माणसांची कागदपत्रे तपासली जाऊ लागली. कोण अत्यावश्यक आणि कोण नाही, हे बॅरिकेडपाशी उभा असलेला हवालदार ओळखपत्र बघून ठरवू लागला. त्या हवालदाराच्या तोंडावर पहिले काही आठवडे साधा कापडी मास्क असे. दिवसभरात शेकडो गाड्यांच्या खिडक्यांपाशी वाकून बोलणे हेच त्याचे काम होते.

१८ एप्रिल २०२१ रोजी, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, मुंबई पोलिसांनी गाड्यांसाठी तीन रंगांचे गोल स्टिकर ठरवले. लाल रंग डॉक्टर, परिचारिका, औषधे आणि रुग्णवाहिकांसाठी, हिरवा भाजी, फळे, दूध आणि किराण्यासाठी, पिवळा पालिका, वीज, टेलिफोन अशा सेवांसाठी. नाक्यांवर कोंडी झाली, गोंधळ उडाला आणि आठवडाभरात ही पद्धत मागे घेतली गेली. पण तेवढ्या काळात धोरण कोणत्या डोळ्यांनी पाहत होते ते दिसले. स्टिकर गाडीला होता. पहाटे एसटीच्या रांगेत उभा राहून वेस ओलांडणाऱ्या सफाई कामगाराला, वॉर्डबॉयला, सुरक्षारक्षकाला तो चिकटवायला जागा नव्हती.

महासाथीच्या काळात राज्याने दोन याद्या केल्या, असे मला या सगळ्याकडे बघताना वाटते. पहिली, कामावर आलेच पाहिजे अशा माणसांची. दुसरी, काही झाले तर ज्यांची जबाबदारी सरकार घेईल अशा माणसांची. पहिली यादी लांबलचक होती आणि गरजेप्रमाणे वाढत गेली. दुसरी आखूड होती आणि दर वेळी नवी अट लावून आणखी आखूड होत गेली. या दोन याद्यांमधल्या फरकात जी माणसे सापडली, त्यांच्याबद्दल हा लेख आहे. दहिसर त्यासाठी योग्य जागा आहे, कारण मुंबई चालवणाऱ्या माणसांचा मोठा हिस्सा रोज या वेशीवरून आत येतो आणि रात्री बाहेर जातो.

लोकल २३ मार्च २०२० पासून बंद झाली. १५ जूनला पश्चिम रेल्वेवर विरार ते चर्चगेट मोजक्या फेऱ्या सुरू झाल्या, त्याही राज्य सरकारने ठरवलेल्या अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठी. बाराशे आसनांच्या गाडीत सातशे प्रवासी बसवायचे असे ठरले होते. मधले सुमारे बारा आठवडे रुग्णालये, पालिका, वीज, दूध हे सगळे चालू राहिले ते एसटी आणि बेस्टच्या बसवर. पालघर, विरार, नालासोपारा, वसईतून एसटीच्या गाड्या निघत आणि दहिसरवरून शहरात शिरत. सीटवर एक माणूस, असा नियम होता. पण गाड्या कमी आणि माणसे जास्त, तेव्हा तो किती पाळला गेला हे त्या रांगेत उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कामाच्या ठिकाणी हातमोजे मिळाले तरी कामावर पोचेपर्यंतच्या दोन तासांसाठी कोणतीच तजवीज नव्हती. आजाराला मात्र प्रवास आणि काम यांतला फरक कळत नाही.

वेशीच्या दोन्ही बाजूंनी ओढाताण होती. मे २०२०मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने आदेश काढला की मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी ८ मेपासून मुंबईतच राहावे, रोज ये-जा करू नये. विरोध झाला आणि तो आदेश टिकला नाही. त्या पालिकेची भीती खोटी नव्हती. मुंबईतल्या रुग्णालयांत काम करणारी माणसे घरी आजार नेत होती. पण राहायचे कुठे, आणि त्याचा खर्च कोणी द्यायचा? मुंबईने म्हणायचे, तुम्ही या. घरच्या गावाने म्हणायचे, तुम्ही परत येऊ नका. मधे उभ्या असलेल्या परिचारिकेने काय करायचे, याचे उत्तर एकाही परिपत्रकात नव्हते. तिला नेमणाऱ्याने ते द्यायला हवे होते. साथीच्या काळात राहण्याची सोय हेही संरक्षणाचे साधन असते, मास्कइतकेच.

आता कचऱ्याकडे येतो, कारण या विषयाचे सगळे धागे तिथे एकत्र येतात. दहिसर पालिकेच्या आर-उत्तर विभागात येते. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला टेकडीवर चढत गेलेली केतकीपाड्यासारखी वस्ती, पश्चिमेला लिंक रोडलगत कांदळवनात वाढलेले गणपत पाटील नगर. अशा वस्त्यांत कचऱ्याची गाडी आत जात नाही. अरुंद गल्लीत माणसाने जायचे, कचरा गोळा करायचा आणि बाहेर आणायचा. हे काम मुंबईत वर्षानुवर्षे ‘दत्तक वस्ती योजने’खाली झाले. २०१३ पासून तिचे नाव ‘स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान’. या योजनेत काम करणारा माणूस कागदावर कामगार नसतो, स्वयंसेवक असतो. स्थानिक संस्थेमार्फत येतो, मानधन घेतो. त्यामुळे किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विमा यांतले काही आपोआप लागू होत नाही. त्याच्या वरच्या पायरीवर कंत्राटी सफाई कामगार आणि कचरा गाडीत चढवणारा मोटर लोडर. त्याच्या वर पालिकेचा कायम कामगार. तिघे एकाच गल्लीतला, एकाच प्रकारचा कचरा उचलतात.

कंत्राटी कामगारांनी या पायऱ्यांविरुद्ध मोठी लढाई दिली आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने चालवलेल्या खटल्यात औद्योगिक न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयापाठोपाठ सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०१७मध्ये २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला. मुंबईच्या कामगार चळवळीच्या अलीकडच्या इतिहासात एवढा महत्त्वाचा निकाल थोडाच सापडेल. पण निकालानंतर नावांतले फरक आणि कागदपत्रांच्या त्रुटी काढत अनेकांची प्रकरणे रखडली. ठेकेदाराच्या मस्टरवर एक नाव, आधारवर दुसरे. तीन वर्षांनी साथ आली तेव्हा त्या स्पेलिंगवर आणखी बरेच काही अवलंबून होते.

मार्च २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने घरी विलगीकरणात असलेल्या रुग्णांच्या कचऱ्याबद्दल सूचना काढल्या. दूषित कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा द्यायचा. पुढे त्यात भर पडली की इतर घरांतले वापरलेले मास्क कापून, ७२ तास कागदी पिशवीत ठेवून मगच टाकायचे. कागदावर नियम उत्तम आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत, जिथे सहा माणसे राहतात आणि ओला-सुका कचराही एकाच डब्यात पडतो, तिथे पिवळी पिशवी कोण देणार आणि तीन दिवस मास्क कुठे ठेवणार? आणि सोसायट्यांत जिथे जागा होती, तिथे तरी किती जणांनी मास्क कापून ठेवले? रुग्णाच्या घरातला टिश्यू, मास्क, उरलेले अन्न हे सगळे एकाच काळ्या पिशवीत खाली आले. ती पिशवी लोडरने हाताने उचलली, काही वेळा फोडूनही पाहिली, कारण त्यातून भंगार वेगळे काढले तर दिवसाला चार पैसे जास्त मिळतात. नियम पाळण्याची जबाबदारी घरातल्या माणसाची होती आणि तो न पाळल्याचा धोका लोडरचा. मधे कोणी तपासणारा नव्हता.

हजेरी चौक्यांचेही तेच. कामगार तिथे हजेरी लावतो, कपडे बदलतो, झाडू-फावडे घेतो. यांतल्या अनेक चौक्या म्हणजे लहानशी खोली. सुरुवातीचे महिने सगळा भर सॅनिटायझरवर होता. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून जागतिक आरोग्य संघटनेला सांगितले की हा विषाणू बंद हवेतून पसरतो. म्हणजे धोका चौकीच्या कोंदट हवेत होता, ट्रकच्या केबिनमध्ये दाटीवाटीने बसण्यात होता. त्यानुसार हजेरी मोकळ्या जागेत घेता आली असती, पाळ्या विभागता आल्या असत्या. हात धुवायला आणि प्यायला गाडीवर पाणी असावे ही कचरा कामगारांची मागणी तर साथीच्या कितीतरी आधीची आहे. यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. मुकादमाला तसे सांगणारे कोणीतरी लागते, आणि ते ऐकले नाही तर विचारणारे.

आरोग्य सेविकांची गोष्ट याच्याशी जुळते. मुंबईत पालिकेच्या आरोग्य केंद्रांसाठी घरोघर फिरणाऱ्या सुमारे चार हजार बायका आहेत. त्यांचेही पद ‘स्वयंसेविका’, मिळते तेही मानधन, किमान वेतनापेक्षा कितीतरी कमी. जून २०२० मध्ये उत्तर उपनगरांत रुग्ण वाढू लागले तेव्हा दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, भांडुप, मुलुंडसाठी वेगळी मोहीम निघाली आणि फिरते दवाखाने आले. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झाले. तापमान बघणे, बोटाला ऑक्सिमीटर लावणे, संपर्कातल्यांची यादी करणे हे सगळे याच बायकांनी केले. टेकडीवरच्या पायऱ्या त्याच चढल्या. शिव्याही त्यांनीच खाल्ल्या, कारण त्या घरी आल्या की गल्ली बंद होईल अशी लोकांना भीती वाटे.

मुंबईबाहेर, राज्यभरात सुमारे सत्तर हजार आशा सेविका हेच करत होत्या. १५ जून २०२१ पासून त्यांनी संप केला. २३ जूनला तो मिटला तेव्हा दरमहा १,५०० रुपयांची वाढ मिळाली. त्यातले १,००० कायम आणि ५०० कोविड भत्ता. महिन्याला पाचशे, म्हणजे दिवसाला सतरा रुपयांहून कमी. साथीत दारोदार जाण्याच्या धोक्याची ही अधिकृत किंमत. हा आकडा प्रत्येक आरोग्य अर्थसंकल्पाच्या पहिल्या पानावर छापला पाहिजे असे मला वाटते.

कामाला बोलावायचे पण जबाबदारी घ्यायची नाही, हे नवे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि काही आठवड्यांत मुंबई रिकामी होऊ लागली. तेव्हाचे पालिका आयुक्त स्नो यांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचा हुकूम आधी काढला आणि मग सैल केला. त्यामागचे एक कारण त्यांच्या अहवालात आहे. सक्तीला घाबरून मैला वाहणारे हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले असते, तर मुंबई राहण्यालायक उरली नसती. ज्यांच्यावाचून शहर एक आठवडा तगणार नाही ते कोण, हे आयुक्तांना सव्वाशे वर्षांपूर्वी नेमके कळले होते. पण त्या जाणिवेतून कामगारांना संरक्षण मिळाले नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. चार कलमांचा तो कायदा. सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार, मोडणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्या कलमात सद्भावनेने काम करणाऱ्यांवर दावा लावता येणार नाही अशी तरतूद. रुग्णाला उचलणाऱ्या, मोरी धुणाऱ्या माणसाबद्दल त्यात एक ओळ नाही. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली होती.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने हाच कायदा लागू केला. २२ एप्रिलला केंद्राने अध्यादेश काढून त्यात दुरुस्ती केली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली. दुरुस्ती आवश्यकच होती. पण ती जमावापासून संरक्षण देते. विषाणूपासून संरक्षण देण्याची सक्ती ती नेमणूक करणाऱ्यावर करत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबई सेंट्रलच्या वोकहार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि तीन डॉक्टर बाधित निघाले आणि रुग्णालय सील करावे लागले, तेव्हा प्रश्न हल्ल्याचा नव्हताच.

७ जुलै २०२० रोजी मुख्यमंत्र्यांनी दूरस्थ पद्धतीने ज्या जम्बो कोविड केंद्रांचे लोकार्पण केले, त्यांत दहिसरही होते. चेकनाक्याजवळ साडेनऊशेंच्या आसपास खाटा, आणि कांदरपाड्याला अतिदक्षता विभाग. मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनने हे उभे केले. मंडपाच्या छताखाली काही आठवड्यांत रुग्णालय उभे राहिले, हे कर्तृत्व मान्य केलेच पाहिजे. दुसऱ्या लाटेत अशा खाटांनी असंख्य जीव वाचवले. पण खाटा उभ्या करणे आणि खाटांशेजारी पुरेशी माणसे उभी करणे या वेगळ्या गोष्टी. जम्बो केंद्रांतले बरेच मनुष्यबळ ठेक्यावर आले. पीपीई किट चढवले की पाळी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणे नाही. कोकणपट्टीच्या उकाड्यात आतून कपडे भिजून निथळायचे. मासिक पाळीच्या दिवसांत परिचारिकांनी ते कसे निभावले असेल याचा विचार रोस्टर बनवणाऱ्याने केला होता का?

इथे दहिसरचे नाव एका गंभीर प्रकरणात येते. वरळी आणि दहिसरच्या जम्बो केंद्रांना डॉक्टर आणि कर्मचारी पुरवणाऱ्या ठेकेदार संस्थेने प्रत्यक्षात कमी माणसे ठेवली आणि खोट्या हजेऱ्या लावून बिले घेतली, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. जुलै २०२३मध्ये या प्रकरणात अटकाही झाल्या. आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. या प्रकरणाची चर्चा पैशांची आणि पक्षांची झाली. मला त्यातला दुसरा भाग जास्त अस्वस्थ करतो. एखाद्या कक्षात कागदावर सहा आणि जागेवर तीन परिचारिका असतील, तर त्या तिघींना दुप्पट रुग्ण बघावे लागतात, किटमध्ये जास्त वेळ राहावे लागते, विश्रांतीची पाळी मिळत नाही, आणि थकलेला माणूस किट उतरवताना चुकतो. लागण नेमकी त्या क्षणी होते. हजेरीपट खरा असणे ही कामगाराच्या सुरक्षेची पहिली अट आहे.

तो खरा होता की नाही हे तपासायचे कसे? महालेखापरीक्षकांनी मुंबई पालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या खर्चाची तपासणी केली. कोविडवरचे सुमारे ३,५३८ कोटी त्यातून वगळले गेले, कारण साथरोग कायद्याचा आणि आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेत पालिकेने त्या खर्चाची तपासणी नाकारली. १८९७चा तोच कायदा.

काय करता आले असते याचे एक उदाहरण पोलीस खात्यानेच दिले आहे. एप्रिल २०२० मध्ये मुंबईत तीन पोलीस गेले, तिघेही पन्नाशीच्या पुढचे. त्यानंतर लगेच ५५ वर्षांवरील, आणि ५२ वर्षांवरील ज्यांना आधीचा आजार आहे अशा पोलिसांना घरी थांबायला सांगितले गेले. पगार चालू. या एका आदेशाने किती माणसे वाचली असतील हे मोजता येणार नाही, पण सुरक्षा अशीच दिसते. धोका कोणाला जास्त आहे ते ओळखायचे आणि त्याला त्यापासून दूर ठेवायचे. केतकीपाड्यात कचरा उचलणाऱ्या, मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या स्वयंसेवकाला घरी थांब असे कोण सांगणार होते? तो घरी थांबला तर त्या दिवसाचे मानधन बंद.

इतरांच्या बाबतीत धोका टाळण्याऐवजी भरपाई देण्याकडे कल गेला. २६ मार्च २०२० रोजी केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचे विमा कवच जाहीर केले, सुमारे २२ लाख जणांसाठी. खासगी क्षेत्रातल्यांना ते मिळणार होते, पण सरकारने त्यांची सेवा रीतसर मागवून घेतली असेल तरच. २९ मे रोजी महाराष्ट्र शासनाने आपला निर्णय काढला आणि कंत्राटी, रोजंदारी, मानधनावरच्या माणसांनाही त्यात घेतले. हे मोठ्या मनाचे पाऊल होते. पण रुग्णालयात भरती होण्याच्या किंवा मृत्यूच्या आधीच्या १४ दिवसांत तो माणूस कर्तव्यावर हजर असल्याचे दाखवणे भाग होते. कायम कामगाराची हजेरी पालिकेच्या यंत्रात असते. ठेक्यावरच्याची ठेकेदाराच्या मस्टरवर, जिथे त्याच्या नावाचे स्पेलिंग आधीच चुकलेले असते.

केंद्राच्या विम्यातल्या ‘सेवा मागवून घेण्या’च्या अटीचा अर्थ लावायला साडेपाच वर्षे लागली. ३१ मार्च २०२०ला नवी मुंबई महापालिकेने खासगी दवाखाने उघडे ठेवण्याची नोटीस काढली, नाहीतर गुन्हा दाखल करू असे बजावले. तिथल्या एका खासगी डॉक्टरांनी दवाखाना चालू ठेवला आणि जून २०२०मध्ये त्यांचा कोविडने मृत्यू झाला. त्यांच्या पत्नीचा विम्याचा अर्ज फेटाळला गेला. तुमच्या पतीची सेवा कोविडसाठी मागवलेली नव्हती, असे कारण दिले गेले. मार्च २०२१मध्ये उच्च न्यायालयानेही तेच धरले. डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साथीच्या कायद्यांखाली आणि नियमांखाली डॉक्टरांच्या सेवा मागवून घेतल्या गेल्याच होत्या, प्रत्येकाच्या नावाने वेगळा आदेश शोधत बसू नये. मात्र मृत्यू कोविडच्या कर्तव्यात झाला हे पुराव्याने सिद्ध करण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्याचीच राहिली.

एका डॉक्टरच्या कुटुंबाला, ज्यांच्याकडे नोटीस होती, वकील होते, टिकून राहण्याचे बळ होते, एवढे थांबावे लागले. दत्तक वस्तीतल्या स्वयंसेवकाच्या बायकोने काय दाखवायचे?

खरे तर जुन्याच कायद्यात एक वाट आहे. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात संसर्गजन्य रोग व्यवसायजन्य मानले आहेत, जिथे कामातच संसर्गाचा विशेष धोका असेल तिथे. आरोग्याशी संबंधित काम त्यात स्पष्ट लिहिले आहे आणि तसाच धोका असलेली इतर कामेही. परिशिष्टातला रोग त्या कामात झाला तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नव्हते हे दाखवण्याचे काम मालकाचे. न्याय्य रचना हीच आहे. साथ जाहीर झाली की त्याच अधिसूचनेत धोक्याच्या कामांची यादी द्यावी, कचरा गोळा करणे, शववाहिनी, घरोघरचे सर्वेक्षण, बसची वाहकी हे सगळे तीत घ्यावे, आणि कागदावर पद कोणतेही असो, हे काम करणाऱ्याला ते गृहीतक लागू करावे. म्हणजे त्या दोन याद्यांची एक यादी होईल.

आज कायद्याचा पट बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. जुने तेरा कायदे सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत विलीन झाले आणि १९२३चा भरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी आता पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठेकेदारांना लागू होतात. केंद्रीय कायद्यात हा आकडा वीस होता, महाराष्ट्राने तो आधीच वाढवला होता. वस्तीत काम करणाऱ्या छोट्या संस्था या रेषेच्या खालीच राहतात. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने जिनिव्हात १९२ क्रमांकाचा करार स्वीकारला. कामाच्या जागेवरील जैविक धोक्यांवरचा हा पहिला आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि तो विषाणूपासून संरक्षण देणे हे नेमणूक करणाऱ्याचे कर्तव्य मानतो. भारताने तो मान्य करावा यासाठी इथल्या संघटनांनी आवाज उठवायला हवा.

पण त्याची वाट बघत बसायचे कारण नाही. आर-उत्तर विभागाच्या पुढच्या सफाईच्या निविदेत तीन अटी घालायला जिनिव्हाची परवानगी लागत नाही. प्रत्येक कामगाराची रोजची हजेरी पालिकेच्याच नोंदीत, त्याच्या बरोबर लिहिलेल्या नावाने. आजारपणाची पगारी रजा, आणि तिचा खर्च निविदेच्या दरातच धरलेला. साथ जाहीर झाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत चांगल्या दर्जाचे मास्क, हातमोजे आणि धुण्याचे पाणी, नाहीतर ठेकेदाराचे बिल थांबेल. निविदेचा मसुदा पालिकेचे अधिकारी लिहितात आणि नगरसेवकांना त्यावर प्रश्न विचारता येतात. दहिसरच्या मतदारांनी आपल्या नगरसेवकाला विचारावे की या तीन ओळी त्यात आहेत का.